वडिलांची कावीळ परत आली आहे, पुन्हा उतरवून घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ५२ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली, गावाकडे गळ्यात माळ घालून उतरवली, तीन आठवड्यांत डोळे पांढरे झाले. आता पुन्हा डोळे पिवळे, पाय सुजलेले, पोट थोडं फुगलेलं. रिपोर्टमध्ये बिलिरुबिन (कावीळीचा पिवळा रंग) ६.८, त्यातलं डायरेक्ट (यकृतानं विरघळण्याजोगं केलेलं) ४.१, एसजीओटी १४२, एसजीपीटी ५८ (दोन्ही यकृताच्या पेशींतली एन्झाइम), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २.६, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.८, प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) ८४ हजार. सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी, पांथरी (प्लीहा) मोठी. बरीच वर्षं रोज एक क्वार्टर, आता 'कमी केली आहे'. दिवसा झोपतात, रात्री जागे असतात. कावीळ पुन्हा पुन्हा का होते, परत उतरवून घ्यावी का, आणि घरात गरोदर असलेल्या वहिनीला ती लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. ही दोन वर्षांपूर्वीची कावीळ परत आलेली नाही. आकडे पाहता यकृत फार आधीपासून खराब होत आलेलं दिसतंय आणि आता ते थकलं आहे. माळ घालण्यात जे दिवस जातील तेच महत्त्वाचे आहेत, म्हणून ते घालवू नका. एक-दोन दिवसांत पोटविकार किंवा यकृतविकार तज्ज्ञ असलेल्या, दाखल करून घेण्याची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. बोलण्यात गोंधळ, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, ताप किंवा लघवी कमी होणं यातलं काहीही दिसलं तर आजच, रात्र असली तरी.

कावीळ हा आजार नाही, ती खूण आहे. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यातून बिलिरुबिन तयार होतं. यकृत ते उचलतं, पाण्यात विरघळेल असं करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. शौचाचा पिवळा-तपकिरी रंग त्यातूनच येतो. रक्तात हे दर १०० मिलीमागे साधारण १.२ मिलिग्रॅमच्या आत असतं. २.५ ते ३ च्या पुढे गेलं की डोळ्यांच्या पांढऱ्या भागात दिसू लागतं, तेही दिवसाच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली बघून काही ठरवू नका. गाजर-पपई भरपूर खाणाऱ्यांचे तळहात पिवळे होतात, पण डोळे पांढरेच राहतात. ती कावीळ नव्हे.

गाडं तीन ठिकाणी अडतं. एक, पेशीच जास्त मोडतात: सिकलसेल, थॅलेसेमिया, मलेरिया. गडचिरोली, नंदुरबारकडच्या तरुण मुलात वारंवार डोळे पिवळे होत असतील तर आधी सिकलसेल तपासावा. यात इनडायरेक्ट, म्हणजे यकृतानं अजून विरघळण्याजोगं न केलेलं बिलिरुबिन वाढतं आणि ते लघवीत उतरत नाही. (काही धडधाकट माणसांत उपास किंवा तापात हेच थोडं वाढतं, बाकी सगळे रिपोर्ट उत्तम असतात. त्याला गिल्बर्ट म्हणतात आणि त्याला औषध लागत नाही.) दोन, यकृताच्या पेशी मार खातात: हिपॅटायटीसचे विषाणू, दारू, टीबीची औषधं, जडीबुटी. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत लेप्टो (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस). तीन, पित्ताची नळी बंद होते: खडा, किंवा स्वादुपिंडाची गाठ. मग लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद, शौच मातकट पांढरी आणि अंगाला खाज. पन्नाशीनंतर पोट न दुखता हळूहळू वाढत जाणारी अशी कावीळ गाठीची शक्यता मनात आणते. नळी अडून थंडी वाजून ताप आला तर ती काही तासांत जिवावर बेतू शकते. वडिलांच्या सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यामुळे तिसरं कारण बरंच मागे पडतं.

आता 'उतरवण्या'बद्दल. गावातल्या माणसाला खोटं ठरवायचा माझा हेतू नाही, पण यात काय घडतं ते समजून घ्या. आपल्याकडची बहुतेक कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटीस 'ए' आणि 'ई'ची असते. ती निरोगी माणसात दोन ते सहा आठवड्यांत आपोआप ओसरते. माळेतल्या ओल्या काड्या वाळतात, गाठी सैलावतात आणि माळ लांब होऊन पोटाखाली उतरते. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर येणारा पिवळेपणा हाताला आधी चोळलेल्या पाल्याच्या रसाचा असतो. यकृताचा त्याच्याशी संबंध नाही. माळेनं नुकसान होत नाही, उशिरानं होतं. नाकात पिळायच्या कडू फळाच्या रसाची आणि पोटावर डाग देण्याची गोष्ट मात्र वेगळी. रसानं नाकाची आतली त्वचा सोलवटून पिवळं पाणी वाहतं आणि लोक म्हणतात कावीळ निघाली. तुमच्या वडिलांचं रक्त नीट गोठत नाही, त्यामुळे हे दोन्ही प्रकार त्यांच्यावर अजिबात होऊ देऊ नका.

रिपोर्ट हातात आल्यावर मी बिलिरुबिन सगळ्यात शेवटी बघतो. यकृताला आत्ता किती मार बसतोय हे एसजीओटी-एसजीपीटी सांगतात. यकृत काम किती करतंय हे अल्ब्युमिन आणि आयएनआर सांगतात. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि घरच्यांची गफलत इथेच होते. नव्या विषाणूजन्य कावीळीत एसजीपीटी हजार-दोन हजारांत जातं, तरी आयएनआर चांगला असला तर माणूस बहुधा घरीच बरा होतो. उलट दोन हजारांचं एसजीपीटी आठवड्यात दोनशेवर आलं म्हणून पेढे वाटू नयेत. बिलिरुबिन आणि आयएनआर चढत असतील तर त्याचा अर्थ मोडायला पेशीच उरल्या नाहीत, असा असू शकतो.

वडिलांचं एसजीपीटी ५८ आहे. नुसतं तेवढं पाहून कुणी 'किरकोळ' म्हणेल. पण एसजीओटी त्याच्या अडीच पट आहे. दोनपटीहून जास्त प्रमाण आणि दोन्ही आकडे तीनशे-चारशेच्या आत, ही दारूनं झालेल्या दुखापतीची नेहमीची ठेवण. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-६ जीवनसत्त्व कमी पडतं आणि एसजीपीटी बनायला ते जास्त लागतं, म्हणून तो आकडा वर चढत नाही.

अल्ब्युमिन २.६ हा मला सगळ्यात बोलका आकडा वाटतो. अल्ब्युमिन यकृतच बनवतं आणि रक्तातलं निम्मं संपायला साधारण २० दिवस लागतात. चार दिवसांच्या आजारात ते एवढं खाली येत नाही. ते कमी असण्याला लघवीतून प्रथिनं जाणं किंवा जुना जंतुसंसर्ग हीही कारणं असतात. म्हणून लघवीची तपासणी करून घ्या, पण इथे बाकीचे आकडे त्याच दिशेला बोट दाखवतात. प्लेटलेट ८४ हजार आणि मोठी पांथरी: यकृत आतून घट्ट झालं की आतड्याकडून येणारं रक्त तुंबतं, पांथरी फुगते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते. दारूही प्लेटलेट पाडते, पण दारू थांबवल्यावर ते एक-दोन आठवड्यांत वर येतात. पांथरीमुळे पडलेले येत नाहीत. आयएनआर १.८ मात्र एकदा तपासून बघण्यासारखा आहे. व्हिटॅमिन 'के'चं इंजेक्शन दिल्यावर तो दोन दिवसांत सुधारला तर कमतरता होती. नाही सुधारला तर यकृत गोठण घटक बनवण्यातच कमी पडतंय.

तुम्ही आंतरजालावर वाचून 'चाइल्ड-प्यू' गुण (यकृत किती खालावलंय ते मोजायची पद्धत) किती, असं विचारलंय. बिलिरुबिन ३ च्या वर म्हणून ३ गुण, अल्ब्युमिन २.८ च्या खाली म्हणून ३, आयएनआर १.७ ते २.३ मध्ये म्हणून २, थोडं पाणी म्हणून २. झोपेचा प्रकार मेंदूवरचा परिणाम धरला तर २, नाही तर १. बेरीज ११ किंवा १२, म्हणजे 'सी' गट. हा गट गंभीर आहे हे लपवण्यात अर्थ नाही. पण तो आजचा आहे, कायमचा नाही. दारू पूर्ण सुटली आणि ज्या कारणानं घसरण झाली ते सापडलं तर तीन ते सहा महिन्यांत 'सी'मधून 'बी'त, कधी 'ए'तही लोक येतात. किती सुधारेल हे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही, ते पहिल्या काही आठवड्यांवर ठरतं. नाही सुधारलं तर यकृत प्रत्यारोपणाचा विचार लवकर करावा लागतो. ते केंद्र शोधायला शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. फायब्रोस्कॅन (यकृत किती घट्ट झालंय ते मोजणारी तपासणी) मात्र आत्ता करू नका. कावीळ, सूज आणि पोटात पाणी असताना तो आकडा खोटा मोठा येतो किंवा येतच नाही.

जुनं यकृताचं दुखणं वर्षानुवर्षं गप्प असतं. यकृताचा बराचसा भाग निकामी होईपर्यंत उरलेला भाग ओढत राहतो. अंगावर खुणा असतात, पण त्या कुणी बघत नाही: छातीवर-खांद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे लाल ठिपके, लालसर तळहात, पुरुषाची छाती किंचित वाढलेली, स्नायू झिजून हात-पाय काड्या आणि पोट मोठं. मग एखादं निमित्त होतं आणि चारातलं एक काहीतरी उघडं पडतं: कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी किंवा गुंगी. म्हणून दवाखान्यात 'कावीळ कशामुळे' यासोबत 'आत्ताच का' हाही प्रश्न विचारला जायला हवा. दारूचा ताजा जोर, पोटातल्या पाण्यात जंतू, आतड्यात रक्तस्राव, यकृताच्या शिरेत गुठळी, एखादं औषध, किंवा जुन्या यकृतावर येऊन पडलेला हिपॅटायटीस 'ई' अशी निमित्तं असतात. तुम्ही लिहिलंय की महिनाभर 'लिव्हरसाठी' काढा चालू होता. त्याची बाटली आणि पुडी बरोबर घेऊन जा. गुळवेलीसह काही वनस्पतींनी यकृताला इजा झाल्याची नोंद आपल्याकडच्या डॉक्टरांनी केली आहे. त्यावर वाद आहे, पण अशा यकृतावर मी तो धोका घेत नाही. आत्ता सगळे काढे बंद.

पोटात नवीन पाणी दिसलं की सुईनं १०-२० मिली काढून तपासणं आवश्यक असतं. 'पाणी काढलं की माणूस जातो' ही समजूत तुमच्याकडे कुणी बोलून दाखवेल. उलट न तपासल्यामुळे जंतुसंसर्ग निसटतो आणि त्यानं माणूस जातो. पाण्यात पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल दर घन मिलिमीटरमागे २५० किंवा जास्त असले तर ताप नसतानाही अँटिबायोटिक लगेच सुरू करतात.

झोपेचं तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय, पण मी ते वर आणतो. दिवसा झोप, रात्री जाग ही बहुतेकदा अमोनियासारखे पदार्थ यकृतात न गाळता मेंदूपर्यंत जात असल्याची पहिली खूण असते. त्यांना दोन्ही हात समोर धरून मनगटं मागे वाकवायला सांगा. पंजे पंख फडफडल्यासारखे हलले तर दाखल करायला आणखी एक कारण मिळालं. रोज सही करायला लावा. अक्षर बदललेलं घरच्यांना डॉक्टरच्या आधी कळतं. झोपेची गोळी देऊ नका, त्यानं ते बेशुद्धीत जाऊ शकतात. यावर शौच साफ करणारं लॅक्टुलोजचं पातळ औषध साधारण १५ ते ३० मिली दोन-तीन वेळा देतात, पण मोजमाप चमच्याचं नाही, शौचाचं आहे: दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच व्हायला हवी. सहा-सात वेळा झाली तर अंगातलं पाणी कमी होऊन गुंगी वाढते. बद्धकोष्ठता झाली तरीही वाढते.

आता घरातलं जेवण. तेल-तूप, हळद, सगळं पिवळं बंद करून उसाचा रस आणि भात ही आपली जुनी पद्धत अशा माणसाला उपाशी मारते. हळदीनं बिलिरुबिन वाढत नाही. मळमळ नसेल तेवढं तेल-तूप चालतं. यकृत थकलेल्या माणसाच्या शरीरात साखरेचा साठा राहत नाही, रात्रीच्या उपासातच शरीर स्वतःचे स्नायू खायला लागतं. म्हणून दिवसात चार-पाच वेळा थोडं थोडं, आणि रात्री दहाला झोपण्याआधी दूध-भाकरी किंवा दूध-पोहे असं काहीतरी नक्की. एकादशी, चतुर्थी सगळे उपास बंद. प्रथिनं कमी करू नका. सुजेचं वजन वगळून किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, मूठभर कोरड्या डाळीत सात. डाळ, दही, पनीर, अंड्याचं पांढरं यांतून हे जमवा. आणि उसाचा रस गाड्यावरचा, बर्फ घातलेला असेल तर हिपॅटायटीस 'ए' आणि 'ई' त्यातूनच येऊ शकतो.

पथ्यात खरा कस मिठाचा लागतो. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. लोणचं, पापड, ठेचा, फरसाण, सुकी मासळी यांना या माणसाच्या ताटात जागा नाही. वेगळा डबा काढून चमचाभर मीठ सकाळी त्यात ठेवा आणि दिवसभर तेवढंच वापरा, हे घरात जमतं. सैंधवही मीठच आहे. 'लो सोडियम' मीठ तर घेऊच नका, त्यात पोटॅशियम असतं. पाणी उतरवायला स्पायरोनोलॅक्टोन दिलं जातं, तेही पोटॅशियम वाढवतं, आणि वाढलेल्या पोटॅशियमनं हृदय थांबू शकतं. याच कारणानं नारळपाणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पाण्याच्या गोळ्या चालू असताना रोज सकाळी लघवीनंतर वजन करून वहीत लिहा. पायांना सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू नये, असेल तर एक किलोपर्यंत. जास्त वेगानं उतरलं तर मूत्रपिंडं बसतात.

पाय दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणू नका. या माणसाची मूत्रपिंडं त्यानं एका आठवड्यात बंद पडू शकतात, शिवाय रक्तस्राव होऊ शकतो. वेदनेला पॅरासिटामॉल चालतं, पण दिवसाला एकूण दोन ग्रॅमच्या वर नाही. लोकांची समजूत नेमकी उलटी असते: पॅरासिटामॉल टाळतात आणि त्या गोळ्या घेतात.

दारूबद्दल 'कमी केली' हे उत्तर मला पुरत नाही. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरमध्ये चाळीसच्या आसपास. यकृताला बाटलीवरचं लेबल कळत नाही. पण रोज पिणाऱ्यानं घरी एकदम थांबवली तर दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम, फिट येऊ शकते आणि तो भ्रम यकृताच्या गुंगीत मिसळतो. म्हणूनही दाखल व्हायचं. शेवटचं कधी आणि किती घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. इथे लाज मध्ये आली तर चुकीचं औषध दिलं जातं.

दवाखान्यात जाताना जुन्या कावीळीचे कागद असतील तर तेही न्या. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी दुर्बिणीची तपासणी झाली का, हे विचारा. त्या शिरा फुटण्याआधी बांधता येतात. प्रकृती स्थिरावल्यावर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागेल, कारण अशा यकृतात कॅन्सरची गाठ होण्याचा धोका कायम राहतो. आणि सुधारताना आधी लघवी स्वच्छ होईल, डोळ्यांचा पिवळेपणा मागून जाईल. काही बिलिरुबिन अल्ब्युमिनला चिकटून बसतं आणि त्याच्याबरोबरच हळूहळू संपतं. डोळे पिवळे दिसतात म्हणून घाबरून मध्येच औषध बदलू नका.

वहिनींचा प्रश्न उरला. दारूची कावीळ लागत नाही. पण तुम्ही दिलेल्या रिपोर्टमध्ये हिपॅटायटीस 'बी'ची एचबीएसएजी आणि 'सी'ची अँटी-एचसीव्ही या तपासण्या दिसत नाहीत, आणि माझ्या मते त्या सगळ्यात आधी व्हायला हव्यात. दारू पिणाऱ्याला विषाणू नसतोच असं नाही. दोन्हींवर औषध आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ते सरकारी रुग्णालयातून मोफत मिळतं, 'सी' तर बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. वडील 'बी' पॉझिटिव्ह निघाले तर घरातल्या प्रत्येकाची तपासणी आणि निगेटिव्ह असणाऱ्यांना लस, वहिनींनाही. ती गरोदरपणात चालते. 'ई' निघाला तर पाणी खळखळून उकळून प्या आणि शौचानंतर व स्वयंपाकाआधी साबणानं हात धुवा. २०१२ साली इचलकरंजीत जी साथ आली ती याच विषाणूची आणि पाण्यातून आलेली. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत 'ई' झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे वहिनींची लघवी गडद झाली किंवा उलट्यांबरोबर डोळे पिवळे वाटले तर त्याच दिवशी आयएनआरसह रक्त तपासा. त्यांची स्वतःची एचबीएसएजी गरोदरपणाच्या तपासण्यांत झाली असेलच, तो कागद शोधून ठेवा. पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस आणि त्याबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं (विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन द्यावं लागतं, आणि ते इंजेक्शन प्रसूतीच्या ठिकाणी आधीपासून मागवून ठेवावं लागतं.